भिंतीवरचा टीव्ही आणि चालते घर

मागील अंकात आपण प्रेशर कुकरच्या शिट्टीबद्दल आणि सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच बहिणींचे निरोप आले, त्यांचे मनापासून आभार. एक निरोप मात्र सातासमुद्रापलीकडून आला. ब्रिटनमध्ये कोकणातली अनेक मुस्लिम कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. माझी एक चुलत बहीणही तिकडेच असते. आपले मासिक ती मोबाईलवर वाचते. तिने लिहिले, “आपा, आम्ही जुनी कॅरव्हॅन घेतली आहे. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मुलांना घेऊन समुद्राकाठी जाणार आहोत. आत भिंतीवर टीव्ही आहे. तो तसाच ठेवून निघाले तर चालेल का? हे म्हणतात, घरात चार वर्षे भिंतीवर आहे, पडला का कधी?”

प्रश्न साधा वाटतो. पण जावईबापूंच्या त्या एका वाक्यात फार मोठा गैरसमज दडलेला आहे, आणि तो केवळ त्यांचा नाही. घर बदलताना टेम्पोत सामान भरणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा तो असतो. म्हणून हा महिना या प्रश्नासाठी.

आधी कॅरव्हॅन म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या मागे आकड्याला जोडून ओढत न्यायची, चाकांवरची छोटी खोली म्हणजे कॅरव्हॅन. अमेरिकेत हिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत झोपायची जागा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघर आणि भिंतीवर टीव्ही असा सगळा संसार असतो. युरोप-अमेरिकेत सुट्टीत हॉटेलचा खर्च टाळण्यासाठी अनेक कुटुंबे ही वापरतात. ज्यांना स्वतःच्या हातचे हलाल जेवण हवे, नमाजाला निवांत जागा हवी, त्यांच्यासाठी तर ही फार सोयीची गोष्ट. दुसरा प्रकार मोटरहोमचा. त्यात इंजिन आणि घर एकाच गाडीत असते आणि माणसे चालत्या गाडीत आत बसलेली असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

घराची भिंत आणि गाडीची भिंत

घराच्या भिंतीवर लावलेल्या टीव्हीवर एकच मोठे बल काम करत असते, ते म्हणजे खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण. ते चोवीस तास सारखेच असते आणि त्याची दिशा कधी बदलत नाही. विटांच्या भिंतीत गिट्टी ठोकून बसवलेले चार स्क्रू हे वजन सहज पेलतात.

गाडी चालू झाली की चित्र पालटते. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे नियम आहेत. जी वस्तू गतीत आहे ती त्याच गतीत राहू पाहते. यालाच आपण जडत्व म्हणतो. एसटीने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो आणि वळणावर बाहेरच्या बाजूला कलतो. भिंतीवरचा टीव्हीही नेमके हेच करतो. आपण दांडा पकडून सावरतो, टीव्हीला मात्र त्याचे स्क्रू सोडून दुसरा आधार नसतो.

थोडा हिशेब करू. कॅरव्हॅनमधला २४ इंची टीव्ही साधारण ३ ते ४ किलोचा असतो. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला तर ४ किलोचा टीव्ही सुमारे ३ किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढला जातो. खड्ड्यातून चाक गेले की तोच टीव्ही एकदा वर उसळतो आणि पुढच्याच क्षणी खाली आपटू पाहतो. त्या क्षणी स्क्रूवर येणारा ताण टीव्हीच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतो. पुढे, मागे, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे धक्के एका तासाच्या प्रवासात हजारो वेळा बसतात. घरात चार वर्षे जे झाले नाही ते रस्त्यावर चार तासांत होऊ शकते.

त्यात गाडीची भिंत म्हणजे विटांची भिंत नव्हे. कॅरव्हॅन हलकी असावी म्हणून तिची भिंत आतून पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा अशी बनवतात. सगळी मिळून जाडी साधारण इंचभर. त्या पातळ प्लायवूडमध्ये नुसता स्क्रू पिळला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण धक्क्यांनी छिद्र हळूहळू सैल होते आणि एक दिवस ब्रॅकेट प्लायवूडच्या तुकड्यासकट हातात येते.

बादली आणि लांब हात

टीव्ही हवा तसा वळवता यावा म्हणून कॅरव्हॅनमध्ये बहुधा पुढे-मागे होणाऱ्या हाताचे ब्रॅकेट असते. हा हात सोयीचा असला तरी प्रवासात घातक. का, ते कळण्यासाठी अर्धी भरलेली बादली उचला. आधी ती अंगाजवळ धरा, मग हात सरळ पुढे ताणून धरा. पाणी तेवढेच, बादली तीच, पण खांदा भरून येतो. वजन आधारापासून जितके दूर, तितका आधारावर ताण जास्त. टीव्ही भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर जेवढा ताण, त्याच्या चौपट ताण तो ४० सेंटिमीटरवर असताना येतो. वर गाडी हलत असते, म्हणजे टीव्ही लंबकासारखा झुलत राहतो आणि प्रत्येक झोक्याला ब्रॅकेटचा सांधा थोडा थोडा सैल होतो.

स्क्रू सैल का होतात याचा अभ्यास झालेला आहे. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की स्क्रूच्या आडव्या दिशेने होणारे सततचे हलणे हे तो आपोआप उलटा फिरण्याचे मुख्य कारण आहे. म्हणून ‘मी स्वतः घट्ट पिळला होता’ एवढे पुरेसे नाही. घट्ट पिळलेला स्क्रूही कंपनांनी सुटू शकतो.

मग करायचे काय?

माझे उत्तर एका वाक्यात असे: गाडी निघण्यापूर्वी टीव्ही भिंतीवरून काढा आणि खाली, मऊ जागी, हलणार नाही असा ठेवा.

कॅरव्हॅनसाठी दोन भागांचे ब्रॅकेट मिळते. एक भाग भिंतीवर कायम राहतो, दुसरा टीव्हीच्या पाठीला. खटका दाबला की टीव्ही हातात येतो. मुक्कामी पोचल्यावर पुन्हा बसवायला मिनिटही लागत नाही. असे ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या पाठीवरची चार छिद्रे मोजून घ्या. छोट्या टीव्हीत ती बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चौकोनात असतात आणि ब्रॅकेटवरही तेच माप लिहिलेले असते. ब्रॅकेट वाहनासाठी बनवलेले आहे का हेही पाहा. घरगुती ब्रॅकेटवर लिहिलेली वजनाची मर्यादा स्थिर भिंतीसाठी असते, चालत्या गाडीसाठी नव्हे.

कंपनीने कॅरव्हॅनमध्ये टीव्हीसाठी जागा नेमून दिली असेल तर तीच वापरा. तिथे भिंतीच्या आत जास्तीची फळी बसवलेली असते आणि विजेचा व अँटेनाचा सॉकेटही जवळ असतो. दुसरीकडे लावायचाच असेल तर भिंतीतली लाकडी चौकट शोधून तिच्यात स्क्रू घ्यावा, नाहीतर आधी मोठी प्लायवूडची फळी भिंतीला नीट चिकटवून तिच्यावर ब्रॅकेट लावावे, म्हणजे भार मोठ्या जागेवर पसरतो. स्क्रूची लांबी आधी मोजा. तो बाहेरच्या पत्र्यातून आरपार गेला तर पावसाचे पाणी आत शिरेल आणि भिंतीत ओल धरेल. जुन्या कॅरव्हॅनचा सर्वांत मोठा शत्रू ही ओलच आहे.

काढलेला टीव्ही कुठे ठेवायचा? टीव्हीचा पडदा म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ अशा दोन काचा आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा थर. उभा असताना हे काचेचे पान आपल्या चौकटीत नीट तोललेले असते. आडवे टाकून वर उशी, पिशवी, मुलांचे दप्तर ठेवले की मधोमध दाब येतो आणि तडा जातो. तो तडा पुष्कळदा बाहेरून दिसत नाही, टीव्ही चालू केल्यावर काळा डाग आणि रंगीत रेघा उमटतात तेव्हा कळतो. म्हणून टीव्ही मऊ चादरीत किंवा जाड पिशवीत घालून, उभाच, पलंगाच्या गादीला पडद्याची बाजू टेकवून ठेवा. दोन्ही बाजूंनी रजया-उशा अशा दाबून बसवा की हाताने ढकलल्यावरही तो हलू नये. उचलताना अंगठा पडद्यावर टेकू देऊ नका, कडा धरून उचला.

जागा निवडताना आणखी एक नियम पाळा: जड सामान खाली, जमिनीवर आणि चाकांच्या आसाजवळ. मागच्या टोकाला किंवा वरच्या फडताळात वजन भरले की ओढली जाणारी कॅरव्हॅन वेगात शेपटीसारखी डावी-उजवी हेलकावू लागते, आणि ते हेलकावे ओढणाऱ्या मोटारीलाही रस्त्यावरून फेकू शकतात. एकट्या टीव्हीने हे होणार नाही. पण टीव्ही वर, डबे वर, पाण्याच्या बाटल्या मागे असे एकेक करतच वजन चुकीच्या जागी साठते.

काढणे शक्यच नसेल तर

काही गाड्यांत टीव्ही कपाटात किंवा भिंतीत पक्का बसवलेला असतो. तिथे पाच गोष्टी करा. ब्रॅकेटचा हात पूर्ण मिटून टीव्ही भिंतीला टेकवा. हाताला कुलूपखीळ असेल तर ती लावा. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये फोमचा जाड तुकडा बसवा, म्हणजे झुलायला जागाच राहणार नाही. मग कापडी, न ताणणाऱ्या पट्ट्याने टीव्ही भिंतीशी आवळा. पट्टा पडद्यावर न दाबता कडांवर आला पाहिजे आणि त्याची टोके चौकटीला पक्क्या लावलेल्या कड्यांत अडकवलेली हवीत. शेवटी वायरी काढून गुंडाळून ठेवा, कारण हलत्या टीव्हीला ताणलेली वायर सॉकेट उखडते.

इथे पुष्कळ लोक सामान बांधायची रबरी लवचीक दोरी वापरतात. ती नको. रबर ताणले जाते आणि परत खेचते, त्यामुळे टीव्ही थांबण्याऐवजी उड्या मारतो.

स्क्रू सैल होतो आहे की नाही हे ओळखण्याची एक युक्ती सांगते. गाड्यांच्या कारखान्यात ही रंगाने करतात, आपण नेलपॉलिशने करू. ब्रॅकेटचा स्क्रू घट्ट पिळून झाला की स्क्रूच्या डोक्यावरून ब्रॅकेटच्या पत्र्यावर जाणारी एक सरळ रेघ ओढा. पुढे कधीही नजर टाका. रेघ सरळ असेल तर ठीक, तुटून बाजूला सरकलेली दिसली तर स्क्रू फिरला आहे. पहिली तपासणी निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवरच करावी, कारण नीट न बसलेले सामान बहुधा सुरुवातीलाच आपली जागा सोडते.

थंड देशातल्या बहिणींसाठी एक जास्तीची सूचना. रात्रभर गारठ्यात राहिलेला टीव्ही उबदार खोलीत आणला की त्याच्या आत दव धरते, जसे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरते. लगेच बटण दाबू नका. दोन-तीन तास त्याला खोलीच्या उबेत येऊ द्या.

टीव्हीपेक्षा मोठी गोष्ट

कुणी म्हणेल, फुटला तर फुटला, टीव्ही दुसरा घेता येतो. खरे आहे, पण मला काळजी आहे ती टीव्हीच्या पुढे बसलेल्यांची.

ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला मोटरवेवर ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची वेगमर्यादा आहे आणि साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैलांची. ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये प्रवासात माणसे बसवायला तिथे मनाई आहे. मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांनी मोटारीतच, पट्टा लावून बसायचे. त्यामुळे कॅरव्हॅनमध्ये टीव्ही निखळला तर नुकसान सामानाचे होईल.

मोटरहोममध्ये तसे नाही. तिथे टीव्ही आणि मुले एकाच खोलीत प्रवास करतात. समजा गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना कशावर तरी आदळली आणि जागीच थांबली. सुटा टीव्ही थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढे जातो. या वेगाने लागलेला मार म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, तोच टीव्ही डोक्यावर पडण्यासारखा आहे. ताशी ९६ किलोमीटरचा हिशेब केला तर उंची ३६ मीटर होते, म्हणजे बारा मजले. जे टीव्हीचे तेच गॅसच्या शेगडीवर राहिलेल्या कढईचे आणि फडताळातल्या बरणीचे. चालत्या गाडीत सुटी असलेली प्रत्येक जड वस्तू धोक्याची असते.

हे आता केवळ परदेशातले राहिलेले नाही. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. उद्या आपल्यापैकी कुणी अशी गाडी भाड्याने घेऊन कोकणच्या किनाऱ्याला निघेल. तेव्हा गाडी ताब्यात घेताना एसी आणि गाद्या पाहतो तसे टीव्हीचे ब्रॅकेटही हाताने हलवून पाहा. कडाकडा वाजत असेल तर निघण्यापूर्वी मालकाला ते घट्ट करायला लावा.

आणि आपला टेम्पो

कॅरव्हॅन आपल्याकडे थोड्यांच्या नशिबात, टेम्पो मात्र सगळ्यांच्या. आम्हा शिक्षकांच्या तर बदल्यांबरोबर संसार टेम्पोत चढतो आणि उतरतो. आंबा घाटाची किंवा कुंभार्ली घाटाची वळणे ज्याने सामानासह उतरली आहेत त्याला जडत्व वेगळे शिकवावे लागत नाही.

नियम तेच आहेत. टीव्ही घेतला तेव्हाचा खोका आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा, त्याच्याइतके चांगले वेष्टन दुसरे नाही. खोका नसेल तर टीव्ही दोन गाद्यांच्या मध्ये उभा ठेवा, पडदा गादीकडे. कपाट आणि फ्रिज यांच्यामध्ये ठेवू नका, वळणावर ती दोन्ही सरकतात. दोरी टीव्हीभोवती न आवळता गादीभोवती आवळा. ब्रॅकेटचे स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्रॅकेटलाच बांधा. नवीन घरी स्क्रू सापडत नाहीत म्हणून भलतेच जाड किंवा लांब स्क्रू वापरले जातात आणि टीव्हीची पाठ आतून फुटते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. सामान धरायला म्हणून घरातल्या तरुण पोराला किंवा कामाच्या माणसाला टेम्पोच्या हौद्यात सामानाबरोबर बसवू नका. ब्रेक लागला की ज्या सामानाला तो धरून असतो तेच त्याच्या अंगावर येते. सामान धरायला माणूस लागतो आहे, याचा अर्थच सामान नीट बांधलेले नाही. ते पुन्हा बांधा, हवे तर अर्धा तास उशिरा निघा.

नव्या घरात टीव्ही लावतानाही घाई नको. कोकणात जांभ्याच्या भिंती पुष्कळ. त्या दगडात ड्रिल मारले की छिद्राच्या कडा भुरभुरून ते मोठे होते आणि गिट्टी सैल बसते. अशा वेळी आधी लाकडी फळी बऱ्याच गिट्ट्या मारून भिंतीला पक्की करावी आणि मग फळीवर ब्रॅकेट लावावे. लावल्यावर ब्रॅकेट दोन्ही हातांनी खाली ओढून पाहावे, मगच टीव्ही अडकवावा. खाली मुले खेळणार असतात.

कापून ठेवण्यासाठी सगळे थोडक्यात:

१. निघण्यापूर्वी टीव्ही भिंतीवरून काढा, वायरी आधी सोडा.
२. टीव्ही उभा, पडदा मऊ बाजूला, वर काहीही ठेवू नका.
३. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ, वर फक्त हलके सामान.
४. काढता येत नसेल तर हात मिटा, खीळ लावा, मागे फोम बसवा, न ताणणारा पट्टा बांधा.
५. स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढा, पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पाहा.
६. ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये आणि टेम्पोच्या हौद्यात माणसे बसवू नका.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, एहतियात. त्याचा अर्थ घाबरणे नव्हे. जे घडू शकते त्याचा आधीच विचार करून हात चालवणे म्हणजे एहतियात. आपल्या आया-आजी प्रवासाला निघताना लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून, तोंड बांधून, कपड्यांच्या मधोमध उभी ठेवत. त्यांनी गतीचे नियम वाचले नव्हते, पण बरणी कधी सांडली नाही. टीव्हीला तीच वागणूक द्या.

पुढील अंकात पावसाळ्याच्या तोंडावर घरातल्या विजेच्या अर्थिंगबद्दल बोलू. तुमच्या घरी मीटरजवळ अर्थिंगची वायर आहे का, ती कुठे जाते, हे तोवर पाहून ठेवा आणि मला कळवा.